सांभाळण्यासाठी नेले

१

यादीबाईंचा कामाचा दिवस हात धुण्यापासून सुरू व्हायचा. दहा वाजून दहा मिनिटांनी ग्रंथालयाच्या मागच्या बाजूची कागदखोली उघडायची, पिशवी खुंटीला अडकवायची, कोपऱ्यातल्या बेसिनवर हात धुऊन चांगले कोरडे करायचे, दोन पेन्सिलींना टोक काढायचं आणि मगच टेबलाशी बसायचं. कागदखोलीत शाईला बंदी होती. शाई सांडली की सांडली. पेन्सिल निदान खोडता येते.

त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. वीस वर्षं लोकांनी दिलेल्या कागदांच्या याद्या करता करता त्या सगळ्यांच्या यादीबाई झाल्या होत्या, आणि आता घरी फोन करणारेही तेच म्हणायचे.

सध्या टेबलाशेजारी त्रेचाळीस खोकी रचलेली होती. एक वयोवृद्ध इतिहासकार तीन महिन्यांपूर्वी वारले, त्यांच्या पत्नीनं त्यांचे अभ्यासाचे सगळे कागद ग्रंथालयाला देऊन टाकले. छत्तीस वर्षं हा माणूस एकाच माणसाच्या मागे होता. युद्धाच्या काळात एका परक्या शहरातल्या वकिलातीत नेमलेला दुय्यम सचिव. शहराला वेढा पडला तेव्हा राजदूत आणि बाकीची मंडळी निघून गेली, हा एकटा शिक्का घेऊन मागे राहिला. शहर सोडून जाणाऱ्यांना तो परवाने द्यायचा. जाणाऱ्यांना सगळंच बरोबर नेता येत नसे, म्हणून त्यांच्या वस्तू ठेवून घ्यायचा आणि पावती लिहून द्यायचा. पत्रं, फोटो, घरांच्या किल्ल्या, एखादं वाद्य. युद्ध संपल्यावर लोक पावत्या घेऊन परत आले, तर इमारत रिकामी. वस्तू नाहीत आणि सचिवही नाही. भिंतीतला एक खिळासुद्धा वाकडा झालेला नव्हता. त्या वस्तूंचं झालं काय, एवढंच इतिहासकार आयुष्यभर विचारत होते.

"यादीबाई, ही यादी होईपर्यंत मी निवृत्त होईन बघा," ग्रंथपाल दारातून डोकावून म्हणाले. ते त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होते.

"तुम्ही व्हा हो साहेब. मला आधी माझी रजा द्या."

"देतो म्हटलंय ना. शेवटच्या खोक्यावर चिठ्ठी डकवा आणि दुसऱ्या दिवसापासून सहा महिने तोंड दाखवू नका."

त्या सहा महिन्यांवरच त्यांचं सगळं चाललं होतं. घरी वडील होते. त्यांना त्या नाना म्हणत. नाना पन्नास वर्षं शिंपीकाम केलेले, आणि गेली दोन वर्षं एकेक गोष्ट विसरत चाललेले. दिवसा शेजारच्या काकू बसायच्या त्यांच्यापाशी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे असंच होत जाणार. आज हे, उद्या ते. नानांना लेकीचं नाव आठवेनासं होऊन वर्ष झालं. पण संध्याकाळी त्या दारात उभ्या राहिल्या की नाना मान वर करायचे, एक डोळा बारीक करायचे आणि म्हणायचे, "आलीस? खांदा साडेचौदा."

मुलगी सोळा वर्षांची असताना त्यांनी तिला पहिला कोट शिवला होता, तेव्हाचं हे माप. नाव गेलं तरी चालेल, यादीबाई मनाशी म्हणायच्या. हे माप राहू दे. रजा मिळेपर्यंत तरी.

२

इतिहासकार मोठे टापटिपीचे होते. दुसऱ्याची यादी करायची तर असा माणूस लागतो. एखाद्या बाडातून कागद बाहेर काढला तर त्याच्या जागी चिठ्ठी ठेवायची, म्हणजे कागद कुठे गेला ते मागून येणाऱ्याला कळतं. याला या कामात जागाचिठ्ठी म्हणतात. कागद परत आला की चिठ्ठी काढायची. तोवर तिला हात लावायचा नाही. हा नियम यादीबाई वीस वर्षं पाळत आल्या होत्या, आणि इतिहासकारांनीही तो पाळला होता.

फक्त त्यांनी चिठ्ठीचा नमुना स्वतःचा वापरला नव्हता. दुय्यम सचिवाच्या पावतीवर जशा पाच ओळी असत तशाच त्यांनी छापून घेतल्या होत्या. वस्तू. कुठून. तारीख, तीही दिवस आणि महिना एवढीच, साल नाही. नेणारा. आणि तळाला देणाऱ्याची सही. डोक्यावर पावतीवरचेच शब्द: सांभाळण्यासाठी नेले.

हौस एकेकाची, म्हणून यादीबाई पुढे गेल्या.

पहिल्या वीस-पंचवीस खोक्यांतल्या चिठ्ठ्या सरळ होत्या. अमुक पत्र, तमुक नकाशा; नेणारा म्हणून एखाद्या प्राध्यापकाचं नाव. सत्ताविसाव्या खोक्यापासून नेणाऱ्याच्या ओळीत एकच मजकूर येऊ लागला. दुय्यम सचिव. अक्षरही वेगळं, डावीकडे कललेलं, शेवटच्या अक्षराला लांब शेपटी. वस्तूही कागदाच्या राहिल्या नव्हत्या. ‘स्वयंपाकघरातला पिवळा उजेड.’ ‘धाकट्या भावाचं हसू.’ ‘लग्नाचा ऋतू. कुठून: दोघांकडून.’

म्हाताऱ्याचं शेवटी शेवटी भरकटलेलं दिसतंय, यादीबाईंना वाटलं. त्यांना हसू आलं नाही. घरी एक भरकटणारा होताच.

शेवटच्या खोक्यातल्या अकरा चिठ्ठ्यांवर देणाऱ्याची सही नव्हती. बाकी चारही ओळी भरलेल्या, पाचवी कोरी. यादीबाईंना अपुरा नमुना बघवत नसे. भाजीत खडा लागावा तसं व्हायचं. त्यांनी थोडा विचार केला. कागद आता ग्रंथालयाच्या ताब्यात आले, म्हणजे देणारं ग्रंथालय, आणि ग्रंथालयातर्फे या खोलीत सही करायचा अधिकार आपलाच. मन थकलेलं असलं की असा विचार अगदी रास्त वाटतो. त्यांनी अकरा चिठ्ठ्या एकावर एक ठेवल्या आणि पेन्सिलीनं सह्या करून टाकल्या. मग डायरीत नोंद केली: ‘खोके ४३. जागाचिठ्ठ्या ११. सह्या पूर्ण केल्या.’

तो बुधवार होता.

३

गुरुवारी संध्याकाळी नाना पलंगावर बसून दहा इंची कात्री उलटसुलट करत होते.

"आलीस? खांदा साडेचौदा," ते म्हणाले आणि कात्री पुढे केली. "हे काय आहे गं? मघापासून बघतोय. दोन पाती आहेत आणि मध्ये खिळा मारलाय."

पन्नास वर्षं ती कात्री त्यांच्या हातात होती. अंगठ्याला तिचा घट्टा होता. यादीबाईंनी ती हळूच काढून घेतली, कपाटात ठेवली आणि चहा टाकला. आज हे, उद्या ते.

शुक्रवारी त्या शेवटच्या खोक्यातली बाडं मोजत होत्या. जागाचिठ्ठ्या बारा भरल्या.

बारावीवर लिहिलं होतं: ‘वस्तू: कात्रीची ओळख. कुठून: उजवा हात.’ तारीख कालची. नेणारा, दुय्यम सचिव. देणाऱ्याची सही यादीबाईंची, पेन्सिलीत.

त्यांनी पंख्याकडे पाहिलं. पंखा तिसऱ्या फेरीला खरखरायचा, नेहमीसारखाच. मग त्यांनी स्वतःला शिस्तीनं समजावलं. अकरा मोजल्या ती चूक असेल, बारा असतील. गठ्ठ्यात न वाचताच सह्या ठोकल्या होत्या. तारखेला साल नाही, म्हणजे ती गेल्या वर्षीचीही असेल. आणि कात्री काय, घरोघरी असते.

सगळं पटलं. तरी त्यांनी खोडरबर घेतला आणि ती एक सही खोडली. पेन्सिल निघाली, पण दाबाची खूण कागदात राहिली. खिडकीकडे तिरका धरला की नाव स्वच्छ वाचता येत होतं.

रविवारी सकाळी नाना आरशासमोर दाढी करत होते. घरात काहीतरी कमी होतं, आणि काय ते कळायला यादीबाईंना अर्धा तास लागला. नाना दाढी करताना शीळ घालायचे. लहानपणापासून त्या शिळेवर त्या उठत आल्या होत्या.

"नाना, शीळ घाला ना."

"काय घालू?" नानांनी फेसाळलेल्या तोंडानं विचारलं.

सोमवारी त्यांनी हात न धुताच त्रेचाळिसावं खोकं उघडलं. चिठ्ठ्या तेरा होत्या.

४

इतिहासकारांच्या पत्नी ग्रंथालयापासून चालत वीस मिनिटांवर राहायच्या. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत यादीबाई तिथे गेल्या. घर स्वच्छ होतं, जरा जास्तच. भिंतींवर फोटो काढल्याचे फिके चौकोन होते, पण खाली कुठे फोटो टेकून ठेवलेले नव्हते. स्वयंपाकघराच्या दारातून उजेड येत होता. त्याला काही रंगच नव्हता.

"काही राहिलं का द्यायचं?" बाईंनी विचारलं.

"नाही. त्या चिठ्ठ्यांबद्दल विचारायचं होतं. दुय्यम सचिव असं कोण लिहायचं?"

बाई पदराशी चाळा करत बसल्या. "आधी यांना वाटायचं मी चेष्टा करते. मला वाटायचं हे करतात. चाळीस वर्षांचा संसार, चेष्टा कोण कोणाची करतंय ते कळायला वेळ लागतो."

"आणि नंतर?"

"नंतर यांनी सही करायचं सोडलं. चिठ्ठ्या यायच्या, हे कोऱ्या ठेवायचे. त्यानं जरा बरं पडलं. सही नसली तर तो नेत नसे. बसून राहायचा, पण नेत नसे." त्यांनी वर पाहिलं. "तुम्ही कोऱ्याच ठेवल्यात ना?"

यादीबाईंनी पेन्सिलीनं काळवंडलेल्या आपल्या बोटांकडे पाहिलं. बाईंना ते पुरलं.

"वय काय तुमचं?"

"बावन्न."

"घरी कोण असतं?"

"वडील."

"अरेरे," बाई म्हणाल्या. दूध नासल्यावर म्हणावं, तेवढ्याच आवाजात.

"चिठ्ठी फाडून टाकली तर?"

"मी जाळल्या काही. यांना न सांगता. वस्तू परत येत नाही हो. फक्त काय नेलं तेवढं आपल्याला आठवेनासं होतं." त्यांनी त्या फिक्या चौकोनांकडे बोट केलं. "तिथे कोण होतं, मला ठाऊक नाही. त्रास असा काही होत नाही. जेवण जातं, झोप लागते. चहा घेणार?"

"नको. सुट्टी संपत आली."

दारापर्यंत सोडायला येत बाई म्हणाल्या, "तुमच्यासारखीच सवय होती यांना. ओळ कोरी दिसली की हात शिवशिवायचा."

५

यादीबाई त्या दिवशी लवकर घरी गेल्या. नाना खिडकीशी बसले होते, गळ्यात माप घ्यायची फीत. ती फीत वर्षभर खोक्यात बंद होती.

"आलीस? खांदा साडेचौदा."

त्यांना तिथेच दारात बसावंसं वाटलं. "हो नाना. आले. फीत कोणी काढून दिली?"

"गिऱ्हाईक आलं होतं."

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "कोणी नाही आलं गं. मी सकाळपासून इथेच आहे, दाराला कडी आहे. फीत मात्र त्यांची त्यांनीच शोधली, मी म्हटलं राहू दे, तेवढाच विरंगुळा."

"चांगला गृहस्थ आहे," नाना म्हणाले. "कपडा जुन्या काळचा. बोलतो अदबीनं. कोट हवाय म्हणाला. मी माप घ्यायला उभा राहिलो." त्यांनी हाताची बोटं हवेत दोन बाजूंना धरली, मध्ये अंतर ठेवलं, मग ते अंतर कमी कमी करत गेले. "खांदाच सापडेना."

"म्हणजे?"

"अगं, फीत टेकवायला जागा नाही. कोट आहे, कोटाच्या आत माणूस पाहिजे ना? मी इकडून धरतो, तिकडून धरतो, फीत आपली आत जातेय. पन्नास वर्षांत असं गिऱ्हाईक बघितलं नाही." ते अपराधी चेहऱ्यानं हसले. "त्याला म्हटलं, तुमचं माप काही जमत नाही. तर म्हणाला, असू द्या, तुमच्याकडे एक तयार माप आहे, तेच नेतो."

"कोणतं माप?"

"ते काही बोलला नाही. परत येतो म्हणाला."

काकूंनी कपाळावर हात नेऊन खूण केली, बिचारे. यादीबाईंनीही मान हलवली. मग त्या नानांच्या समोर बसल्या आणि फीत गुंडाळू लागल्या. पितळी टोकापासून पहिले काही इंच बर्फासारखे गार होते.

६

बुधवारी कागदखोलीत टेबलासमोरची खुर्ची बाहेर ओढलेली होती, कोणी नुकतंच उठून गेल्यासारखी. वाचक या खोलीत येत नाहीत. यादीबाईंनी हात धुतले, कोरडे केले, दोन पेन्सिलींना टोक काढलं. मग खोकं उघडलं.

चौदावी चिठ्ठी सगळ्यांत वर होती.

‘वस्तू: खांदा साडेचौदा. कुठून: वडिलांकडून.’ तारीख आजची. नेणारा, दुय्यम सचिव. पाचवी ओळ कोरी. पण कोऱ्या ओळीत काहीतरी उमटायला लागलं होतं. खोडरबरानंतर राहते तशी दाबाची खूण, त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर, मग दुसरं. अकरांना तुम्ही होकार दिलात, आता पुढच्यांना वेगळं विचारायचं कशाला, असा त्याचा हिशेब दिसत होता.

ग्रंथपाल दारात आले. "किती राहिलं हो?"

"हे शेवटचं."

"वा. म्हणजे उद्यापासून रजा. मी अर्ज पुढे सरकवतो." ते त्या ओढलेल्या खुर्चीकडे बघत क्षणभर घुटमळले, बसावं की नाही अशा विचारात, आणि मग का कुणास ठाऊक, मागच्या मागे निघून गेले.

तिसरं अक्षर उमटत होतं.

यादीबाईंनी फाडायचा विचार केला. फाडली तर माप जाईलच, वर काय गेलं तेही कळायचं नाही. नाना मान वर करतील, एक डोळा बारीक करतील, आणि तोंडात काहीच येणार नाही. नानांपाशी आता उरलंय किती? कपाट, पलंग, खिडकी आणि दारात उभी राहणारी एक साडेचौदा. तेवढं काढलं तर दारात कोणीतरी बाई उभी राहील, दुसऱ्या कोणाच्या घरातली.

मग त्यांना कामातलीच एक साधी गोष्ट आठवली. नोंद चुकली तर खोडायची नसते, गिरवायची नसते. चुकीच्या शब्दावर एक सरळ रेघ मारायची, शेजारी बरोबर शब्द लिहायचा आणि आद्याक्षरं टाकायची. अशी दुरुस्ती कोणालाही मान्य करावी लागते. सचिवाच्या पावत्यांवरही तशाच दुरुस्त्या होत्या. तो नियमाचा माणूस होता.

त्यांनी पट्टी घेतली. ‘वडिलांकडून’ या शब्दावर एक रेघ मारली. शेजारी स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘मुलीकडून’. आद्याक्षरं टाकली. वीस वर्षांची सवय होती. मग तळाच्या ओळीत, उमटणाऱ्या खुणेवरूनच, त्यांनी आपली पूर्ण सही केली.

समोरची खुर्ची पुढे सरकली, टेबलाला टेकली. टेबलाच्या कडेवर एक बाही दिसली, जुन्या विणीच्या कापडाची, नीट इस्त्री केलेली. तिच्या तोंडाशी हात असायला हवा होता तिथे काही नव्हतं. बाही चिठ्ठीवरून एकदा फिरली, दुरुस्ती वाचल्यासारखी.

यादीबाईंनी पंख्याकडे पाहिलं. तिसऱ्या फेरीला तो खरखरला. खाली पाहिलं तेव्हा खुर्ची जागेवर होती. टेबलावर एक चिठ्ठी होती, सगळ्या ओळी भरलेली. त्यांनी ती न वाचताच बाडात आपल्या जागी ठेवली, खोक्याला झाकण लावलं आणि वर चिठ्ठी डकवली. त्रेचाळीस.

७

घरी पोचल्या तेव्हा अजून ऊन होतं. काकू निघायच्या तयारीत होत्या. "आज शांत आहेत," त्या म्हणाल्या. "जेवले, झोपले. गिऱ्हाईक-बिऱ्हाईक काही नाही."

यादीबाई दारात चपला काढत होत्या. उद्यापासून रजा. सहा महिने. अंगातला शीण एकदम पायांत उतरला होता, आणि तो बराही वाटत होता.

नानांनी मान वर केली, एक डोळा बारीक केला आणि तोंडभर हसले.

"आलीस? खांदा साडेचौदा."

"काय म्हणालात नाना?"

"साडेचौदा," नाना म्हणाले. त्यांनी दोन्ही हात पुढे करून हवेत अंतर दाखवलं, अगदी नेमकं. "साडेचौदा. तू."

यादीबाईंनी त्यांच्या हातांच्या मधल्या जागेकडे पाहिलं. मग मागे वळून पाहिलं, दुसरं कोणी आलंय का. मागे जिना होता, रिकामा. नाना अजून हसत होते, वाट बघत होते, काहीतरी उत्तर यायचं राहिलंय अशा चेहऱ्यानं. यादीबाईंनी त्यांचे ते हात हळूच खाली केले, मांडीवर ठेवले, पांघरूण नीट केलं.

"चहा टाकते हं," त्या म्हणाल्या.

चहा उकळेपर्यंत त्यांनी डायरी उघडली आणि पेन्सिलीनं लिहिलं: ‘यादी पूर्ण. रजा मंजूर. नाना आज एक आकडा सारखा म्हणत आहेत. कशाचा ते कळत नाही. डॉक्टरांना सांगणे.’